ए४-७० स्टेनलेस नट-बोल्ट: डेकवर उत्तम, पाण्याखाली नको

होडीसाठी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे नट-बोल्ट घेताना डब्यावरचं लेबल नंतर, आधी बोल्टचं डोकं वाचा. त्यावर 'ए४-७०' उठवलेलं हवं: 'ए४' म्हणजे ३१६, '७०' हा ताकदीचा आकडा. 'ए२' म्हणजे ३०४, साधं स्टेनलेस. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत, आणि चुंबकानेही फरक कळत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा गंज रोखणारा धातू असतो. खाऱ्या हवेत सगळी मदार त्यावरच.

डेकवर, रेलिंगला हा माल चोख काम देतो. तपकिरी डाग पडतात, पण ते वरवरचे. गोड्या पाण्याने नियमित धुतलं की कमी पडतात. लोखंडी तारेचा ब्रश मात्र लावू नका, त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुतून तेच गंजतात.

खरी गोम फटीत आहे. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर टिकायला ऑक्सिजन लागतो. डेकच्या भोकातलं सिलंट (फट बुजवणारं लुकण) सुटलं की खारं पाणी आत मुरतं, तिथला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठतं आणि बोल्टची दांडी मधेच खंगते. वरून डोकं आरशासारखं! म्हणून भोकाच्या तोंडाला थोडी खाच मारा, म्हणजे डोक्याखाली सिलंटचं जाड कडं बसतं. जुन्या होडीवर अधूनमधून एखादा बोल्ट काढून दांडी बघावीच.

याच कारणाने पाण्याच्या रेषेखाली हे बोल्ट घालू नयेत. तिथे सिलिकॉन ब्राँझ (तांब्याचा मिश्रधातू) किंवा डुप्लेक्स २२०५ (गंजाला जास्त टिकणारं स्टेनलेस) घ्या. पितळ तर नकोच: त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी पडतो आणि ठिसूळ होतो.

आणखी एक खोड म्हणजे आटे जाम होणे. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा) ड्रिल मशीनने भरभर फिरवला की आटे एकमेकांत रुततात, मग बोल्ट कापण्यावाचून गत्यंतर नाही. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा, पाना हाताने, सावकाश फिरवा.

ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर बसवताना नायलॉनचा वॉशर आणि नळी मधे घाला, नाहीतर बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसू लागेल. खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. उलट प्रकार, म्हणजे स्टेनलेसच्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिव्हेट, त्याहून वाईट: रिव्हेट लवकरच संपतात.

डेकसाठी पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण आट्यांच्या खोडीपायी कापला.