थिसएरर आणि एनीहाऊ: पावसाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

चाकणच्या एका कारखान्यातून रात्री येणाऱ्या सीएसव्ही फायली तपासून सर्व्हरवर चढवायचं कमांड लाइन टूल आमची बाणेरची छोटी टीम सांभाळते. टूल रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्यातले सगळे एरर नव्याने बांधायला घेतले. आतल्या लायब्ररीला थिसएरर (स्वतःचे एरर टाइप बांधून देणारं), वरच्या बायनरीला, म्हणजे प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्रॅमला, एनीहाऊ (कुठलाही एरर एकाच टाइपमध्ये गुंडाळून वर नेणारं). दोन्ही क्रेट, म्हणजे रस्टची पॅकेजेस, डेव्हिड टोल्ने यांचे. आता दिवाळी उलटली, तेव्हा सविस्तर लिहितो.

थिसएररवर मी खूश आहे. एनम (येऊ शकणाऱ्या एररची यादी असलेला टाइप) लिहायचा, त्यातल्या प्रत्येक व्हेरिएंटच्या, म्हणजे पर्यायाच्या, डोक्यावर मेसेज द्यायचा, बाकीचं रटाळ काम कोड आपोआप लिहून देणारा मॅक्रो करतो. शिवाय लायब्ररीच्या पब्लिक एपीआयमध्ये या क्रेटचा मागमूस राहत नाही. उद्या ते काढून सगळं हाताने लिहिलं, तरी वापरणाऱ्याचा कोड मोडत नाही.

जपायचं ते फ्रॉम अ‍ॅट्रिब्यूटपासून. तो लावला की खालचा एरर आपोआप आपल्या टाइपमध्ये बदलतो, नुसतं प्रश्नचिन्ह टाकून तो वर ढकलून मोकळं होता येतं, आणि घात तिथेच होतो. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतला आयओ एरर (फाइल वाचता-लिहिताना येणारा) फाइलचा पाथ सोबत ठेवत नाही. परिणामी क्रॉनच्या (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सेवेच्या) लॉगमध्ये एवढंच उमटतं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी, ओएस एरर २'. कुठली फाइल? कॉन्फिगची, आजच्या डेटाची की लॉकची? रात्रपाळीचा माणूस फोन करून विचारतो, "दादा, नक्की काय नाहीये?" आणि लॉग समोर असूनही उत्तर देता येत नाही. म्हणून आयओ एररला फ्रॉम लावायचा नाही, असा आमच्याकडे आता नियमच आहे. व्हेरिएंटमध्ये पाथ आणि सोर्स (मूळ एरर) अशी दोन फील्ड, आणि प्रत्येक ठिकाणी मॅप-एरर वापरून एरर हाताने बदलायचा. टायपिंग वाढतं, पण ते सत्कारणी लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट. मेसेजमध्ये सोर्स छापला आणि फील्डही सोर्स म्हणून ठेवलं, तर एनीहाऊ पूर्ण साखळी छापताना तेच वाक्य दोनदा येतं. दोन्हींपैकी एकच ठेवा.

खरा फायदा मात्र एक्झिट कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम संपताना जो आकडा परत देतो त्यात, झाला. मेन फंक्शनमधून नुसता एरर परत केला की रस्ट सरसकट १ देतं, आणि कमांड लाइनची आर्ग्युमेंट वाचणारं क्लॅप हे क्रेट चुकीच्या आर्ग्युमेंटला २. शेल स्क्रिप्टला एवढ्यावरून काय कळणार? आधी आमचे व्हेरिएंट मॉड्यूलप्रमाणे पाडलेले होते: पार्सरचे, नेटवर्कचे, फाइलचे. आता पुढे कोणी काय करायचं, यावरून पाडलेत. बीएसडी या युनिक्स प्रणालीच्या सिसएक्झिट्स नावाच्या एक्झिट कोडांच्या यादीतले आकडे उचलले: ६५ म्हणजे डेटा खराब, कारखान्याला कळवा, ७५ म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने परत चालवा, ७८ म्हणजे कॉन्फिग चुकलं, आम्हाला उठवा. एनीहाऊने वर कितीही कॉन्टेक्स्ट (जादा माहिती) चढवला, तरी डाउनकास्ट करून, म्हणजे गुंडाळी सोडून, मूळ टाइप हाती लागतो, त्यामुळे हे सगळं मॅपिंग एकाच फंक्शनमध्ये मावतं. रस्ट १.६१ पासून मेनमधून एक्झिटकोड थेट परत करता येतो, तोच वापरतो.

छोट्या स्क्रिप्टवजा टूलला एनीहाऊ एकटं पुरे. पण ज्याचा एरर दुसरा प्रोग्रॅम वाचणार आहे, तिथे टाइप हवेतच, आणि एनमवर पहिल्या दिवसापासून नॉन-एक्झॉस्टिव्ह (पुढे व्हेरिएंट वाढू शकतात अशी खूण) लावा. नाहीतर नवा व्हेरिएंट घातला की समोरच्याचा मॅच कंपाइल होत नाही. कॉन्फिगमधली चुकलेली ओळ खूण करून दाखवायला मिएट हे क्रेट आणायचा विचार आहे. ते वापरून झालं की त्याबद्दल लिहीन.