स्वस्तातला फाइव्ह पॉइंट वन रिसिव्हर: यामाहा की डेनॉन?

सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटचा हॉल म्हणजे एका बाजूला भिंत, दुसरीकडे बाल्कनीचं सरकतं काचेचं दार आणि मागे उघडं स्वयंपाकघर. अशा खोलीत यामाहा आरएक्स-व्ही३८५ आणि डेनॉन एव्हीआर-एक्स२५०बीटी या दोन फाइव्ह पॉइंट वन रिसिव्हरमधला (म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर जोडता येणाऱ्या अॅम्प्लिफायरमधला) खरा फरक कळतो. यामाहासोबत माइक येतो. तो सोफ्यावर ठेवला की रिसिव्हर स्वतःच प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि आवाजाची पातळी मोजून घेतो. डेनॉनच्या या मॉडेलात ती सोय नाही; टेप घेऊन अंतर मोजा, टेस्ट टोन, म्हणजे रिसिव्हर एकेका स्पीकरमधून काढतो तो चाचणीचा आवाज, ऐकत पातळी जुळवा. हौशी माणसाला त्यात मजा येईल, पण घरच्यांना तासभर ती खरखर ऐकावी लागते!

एचडीएमआय इनपुट डेनॉनला पाच, यामाहाला चार. सेट टॉप बॉक्स, गेम कन्सोल, ब्लू-रे प्लेअर एवढंच असेल तर चारही पुरतात. ब्लूटूथ दोन्हींत, वायफाय कशातच नाही. वरूनही आवाज येतोय असं भासवणारं डॉल्बी अॅटमॉसही नाही, त्यामुळे छतावरच्या स्पीकरचा विषयच संपला.

डेनॉनच्या १३० वॅटच्या आकड्याला मात्र भुलू नका. तो एकच चॅनल, म्हणजे एकाच स्पीकरची वाट, चालू असतानाचा आहे. दोन चॅनलवर, खर्जापासून टिपेपर्यंतच्या पूर्ण ध्वनिपट्ट्यात मोजलं तर दोघंही ७० वॅटच्या आसपास येतात.

माझं मत यामाहाकडे झुकतं, ते त्या माइकमुळे. खोली चौकोनी, बंद आणि पडदे लावलेली असेल, तर जो स्वस्त मिळेल तो घ्या. उरलेले पैसे सबवूफरला लावा.