एअरबॅग मॉड्यूल रिसेट सेवा: पैसे कुठे वाचतात, कुठे वाचवू नयेत

एअरबॅग उघडली की गाडीचं एअरबॅग मॉड्यूल (एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा कंट्रोल डबा) ‘लॉक’ होतं. अपघाताची नोंद त्याच्या मेमरीत पक्की बसते, मीटरवरचा दिवा जात नाही आणि साध्या स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसला जात नाही. नवं मॉड्यूल महाग, शिवाय ऑर्डर देऊन वाट पाहावी लागते. म्हणून मॉड्यूल कुरिअरने मागवून काही हजारांत रिसेट करून देणाऱ्यांकडे लोक वळतात. सेवा कामाची आहे, पण ती नेमकं काय करते हे समजून घेतलं तरच.

काम छोटं आहे. मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या पुढे किंवा खाली, जमिनीला बोल्टने बसवलेलं असतं. रिसेट करणारा ते उघडतो, बोर्डवरची आठ पायांची मेमरी चिप वाचतो, क्रॅशची नोंद असलेला भाग साफ करतो आणि फाइल परत लिहितो. काही नव्या मॉड्यूलमध्ये ही नोंद मुख्य प्रोसेसरमध्येच असते, तिथे वेगळं टूल लागतं. मूळ मॉड्यूलच परत येत असल्याने चेसिस नंबर आणि सेटिंग तशीच राहतात, हा या सेवेचा खरा फायदा. मात्र काहीजण स्वतःकडे असलेली दुसऱ्याच गाडीची फाइल चढवून मोकळे होतात. दोन एअरबॅगच्या गाडीला सहा एअरबॅगची फाइल बसली की दिवा पुन्हा पेटतो, नाहीतर वेळेला चुकीचं सर्किट चालतं. म्हणून मूळ फाइल आणि साफ केलेली फाइल, दोन्ही मागून घ्या. द्यायला जो कचरतो त्याला काम देऊ नका.

मॉड्यूलचं कव्हर वाकलेलं असेल, कनेक्टर जळलेला असेल, पाणी शिरलेलं असेल किंवा खालचा पत्रा धक्क्याने सरकला असेल तर रिसेटचा विचारही नको. धक्का मोजणारा मुख्य सेन्सर त्याच डब्यात असतो. बहुतेक कंपन्या तर एअरबॅग उघडल्यावर मॉड्यूल बदलायलाच सांगतात. काहींच्या मॅन्युअलमध्ये फक्त बेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट झटकन घट्ट ओढणारे भाग) उडाले असतील तर तेच मॉड्यूल ठरावीक वेळा वापरायची मुभा असते. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी विचारा.

आता मुख्य मुद्दा. चावी फिरवली की मॉड्यूल प्रत्येक एअरबॅगच्या आणि प्रीटेन्शनरच्या सर्किटचा रेझिस्टन्स तपासतं. तो साधारण दोन ओहमच्या आसपास असतो. रिसेट झालेलं मॉड्यूल रिकाम्या एअरबॅगला जोडलं की त्याला ते सर्किट तुटलेलं दिसतं आणि दिवा परत येतो. इथेच काही गॅरेजवाले पिवळ्या कनेक्टरमध्ये तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर खोचतात. दिवा जातो, स्कॅनर ‘ओके’ म्हणतो आणि स्टीअरिंगच्या कव्हरमागे काहीच नसतं. हा प्रकार सरळ जिवाशी खेळ आहे. रिसेट शेवटी करायचं काम आहे, सगळे पार्ट बसवून झाल्यावर.

पार्ट कोणते? उघडलेल्या सगळ्या एअरबॅग, उडालेले प्रीटेन्शनर (बेल्टचा अख्खा सेट), क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंग फिरतानाही त्यातल्या एअरबॅग आणि हॉर्नचं कनेक्शन टिकवणारी गुंडाळलेली पट्टी), समोरचे इम्पॅक्ट सेन्सर आणि बहुतेकदा डॅशबोर्ड. उडालेला बेल्ट कधी अडकतो, कधी सुटा होऊन नेहमीसारखा चालतो, त्यामुळे हाताने ओढून समजत नाही. क्लॉक स्प्रिंग चाकं सरळ ठेवून, मध्यावर आणून बसवावी लागते. नाहीतर पूर्ण वळणावर तिची पट्टी तुटते, मग हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही गेले.

डॅशबोर्डची ‘रिपेअर’ हा सगळ्यात फसवा भाग. पॅसेंजर साइडला डॅशच्या आत एक कमकुवत रेघ ठेवलेली असते, त्या रेघेवरच तो फाटायला हवा. फायबर आणि पुट्टी भरून वरून रेक्झिन चढवलं की दिसायला नवा. पण आतली बॅग एकतर अडते, नाहीतर पुट्टीचे तुकडे तोंडावर उडवते. तीच गोष्ट चिकटवलेल्या स्टीअरिंग कव्हरची.

जुन्या बाजारातली एअरबॅग घेऊ नये. ती पुरात बुडालेल्या गाडीची आहे का, किती वर्षं ओलाव्यात पडली होती, कोणी सांगू शकत नाही. टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (बॅग फुगवणाऱ्या डब्यातलं) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे बिघडत होतं आणि डबा फुटून लोखंडाचे तुकडे उडत होते. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कोकण-गोव्याच्या हवेत हे विसरून चालणार नाही. स्वस्त ‘नव्या’ बॅगही तितक्याच धोक्याच्या. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने निकृष्ट बदली इन्फ्लेटरमुळे तीन मृत्यू झाल्याचा इशारा दिला. त्या सगळ्या गाड्यांच्या मूळ एअरबॅग आधीच्या अपघातानंतर बदललेल्या होत्या.

विम्याचं गणित आधी करा. साध्या पॉलिसीत एअरबॅगवर 50 टक्के घसारा कापला जातो, झिरो डेप (घसारा न कापणारं जोड-कव्हर) असेल तर तो वाचतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉसमध्ये जाते. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काही उघडू देऊ नका, आणि प्रीटेन्शनर, सेन्सर, क्लॉक स्प्रिंग पहिल्याच एस्टिमेटमध्ये लिहून घ्या. दावा मंजूर होत असेल तर रिसेटच्या वाटेला जाऊच नका. नवं मॉड्यूल घ्या. विमा नसेल आणि बाकी सगळे पार्ट नवे, कंपनीचे असतील, मॅन्युअल आड येत नसेल, तरच रिसेट केलेलं मॉड्यूल चालवून घेता येईल.

गाडी ताब्यात घेताना चावी ऑन करा: दिवा पेटून काही सेकंदांनी आपणहून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तो काढून टाकलेला असू शकतो. मग प्रत्येक पार्टचं बिल, बॅगवरच्या बारकोड स्टिकरचा फोटो आणि जुने पार्ट मागा. फिटिंगचा फोटोही कनेक्टर दिसेल असा हवा. काम करणाऱ्याने बॅटरीची वायर काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायलाच हवं. काही कंपन्या दीड मिनिट सांगतात, काही तीन. मॉड्यूलमधला कपॅसिटर तेवढा वेळ एअरबॅग उडवण्याइतकी वीज धरून ठेवतो. वायर काढल्या काढल्या स्टीअरिंगला हात घालणारा मेकॅनिक दिसला तर गाडी तिथून हलवा.