घड्याळ मागे होतं, आणि त्यापायी ४८,२४९ रुपये गेले

३,४९९. मग २४,९००. मग १९,८५०. एकूण ४८,२४९ रुपये. आकडे आधी लिहितोय, कारण आठ दिवस आम्ही घरातही "थोडेफार गेले" एवढंच सांगत होतो. लाज वाटत होती. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान. सीमेच्या अलीकडच्या, कर्नाटकातल्या गावांना आरटीसी उतारा (तिकडचा सातबाराच), पलीकडच्या महाराष्ट्रातल्या चंदगडवाल्यांना सातबारा, दोन्ही एकाच कॉम्प्युटरवरून काढून देतो. लोक आपला बिघडलेला मोबाइल आमच्याकडे आणतात, आणि खोट्या हेल्पलाइनला आम्हीच फसलो.

अशा टोळ्या कशा चालतात ते वाचणाऱ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो पाढा वाचत नाही. आमचं नक्की कुठे चुकलं तेवढं सांगतो.

सकाळी क्रोममध्ये एकही सरकारी साइट उघडेना. अपडेट करायला गेलो तर अपडेट फेल. वाटलं, क्रोम खराब झालं. काढून टाकलं, नवं टाकायला घेतलं, तर इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबून एरर देऊ लागला. आकड्याच्या शेवटी होतं ८००७२एफ८एफ. बाहेर सातजण उभे, त्यातल्या दोघांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. "अण्णा, आज होतंय का न्हाई तेवढं सांगा की," असं तिसऱ्यांदा विचारल्यावर डोकं शांत राहत नाही. तोच आकडा मोबाइलवर शोधला. सगळ्यात वर "ब्राउझर हेल्पलाइन" आणि फोन नंबर. नावाच्या वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं होतं. म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात. ते वाचलंच नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. क्रोम, फायरफॉक्स, एज ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं आहेत. साध्या वापरणाऱ्याला त्यांच्यासाठी फोनवर मदत करणारा माणूस सहसा नसतो. शोधताना असा नंबर दिसला की तो चोराचा, असंच धरून चाला.

समोरचा हिंदीत, अगदी नम्रपणे बोलत होता. एररचा आकडा आम्ही सांगायच्या आत त्याने ओळखला, म्हणून विश्वास बसला. दूरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप टाकायला लावलं, त्यातला नऊ आकडी नंबर घेतला आणि माऊस त्याच्या हातात गेला. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या, "सर, ये सब हॅकर के निशान हैं." त्या खुणा कालच विकत घेतलेल्या कॉम्प्युटरमध्येही शेकड्याने असतात. एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद पडते. काळ्या खिडकीत नेटस्टॅट ही नेटच्या जोडण्या दाखवणारी आज्ञा चालवून 'फॉरेन ॲड्रेस'चा रकाना दाखवला आणि म्हणाला, परदेशातून कुणीतरी जोडलं गेलंय. त्या रकान्याचा अर्थ फक्त "पलीकडच्या टोकाचा पत्ता". परदेशाचा काही संबंध नाही. हे आम्हाला ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे अजून रात्री झोप मोडते. बोलता बोलता बाण स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली गेला. तारखेवर क्लिक झालं. तिथे १ जानेवारी २०१५ होतं. त्याने वर्ष बदललं, महिना बदलला, वेळ बदलली, 'चेंज' दाबलं. वीस सेकंद लागली असतील. त्यानंतर साइट उघडली. दुकानातले आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत होतो. दुरुस्ती तिथेच संपली होती. फोन ठेवून द्यायचा क्षण तोच होता. पण त्याचं तोंड हॅकरबद्दल चालू होतं, आणि आमचं लक्ष हातापेक्षा तोंडाकडे होतं.

बिघाड एवढाच होता की मदरबोर्डवरचा सेल संपला होता. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, चपटा, रुपयाच्या नाण्यासारखा. रात्री दुकानाचा मेन स्विच बंद केला की घड्याळ या सेलवर चालतं. सेल मेला की तारीख बोर्डाच्या मूळ तारखेवर जाते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटर २०१५ मध्ये असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याच्या हिशेबी अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर साइट नाकारतो. अपडेट आणि इन्स्टॉलरही त्याच सुरक्षित जोडणीवरून येतात, म्हणून तेही अडतात. क्रोम काढून परत टाकण्याने काहीच होणार नव्हतं. फरक वर्षांचा असला की विंडोजही बहुधा आपणहून वेळ जुळवत नाही. ती हाताने जवळपास आणावी लागते, मग 'सिंक नाऊ'. टाइम झोन साडेपाच तास पुढचा, भारताचा आहे ना, तेही बघा.

सेल बाजारात ४० रुपयांना मिळाला. वायर काढायची, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, बाजूची पत्ती ढकलली की सेल उडून येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख भरायची. झालं.

पैसे कसे गेले? "तीन वर्षांचं सुरक्षा लायसन्स" म्हणून ३,४९९ आम्ही स्वतः क्यूआर स्कॅन करून दिले. तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित हे लिहिलंही नसतं. दहा मिनिटांनी म्हणाला, चुकून जास्त कापले, २,००० परत करतो, फॉर्म भरा. फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे. मग स्क्रीन काळी, "अपडेट चालू आहे". ओटीपी आला. त्याच मेसेजमध्ये २४,९०० हा आकडा आणि कुणालाही सांगू नका हे वाक्य होतं. आम्ही फक्त सहा आकडे वाचले आणि बोललो. दुसऱ्यांदाही तेच. पैसे परत यायला ओटीपी कधीच लागत नाही. पैशाच्या व्यवहारात ओटीपी लागतो तो जाणाऱ्या पैशाला.

आम्हाला मूर्ख म्हणणाऱ्यांनी एकदा भरल्या दुकानात, बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर उभं राहून बघावं.

पुढचं जास्त चीड आणणारं आहे. बँकेच्या शाखेत दीड तास बसवलं. "ओटीपी तुम्हीच दिला ना?" हे चारजणांनी चारदा विचारलं. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, ताबडतोब फोन करा, हे एकानेही सांगितलं नाही. पैसे पुढच्या खात्यात पडून असतात तेवढ्याच वेळात ते गोठवता येतात, आणि ती वेळ आमची खुर्चीत बसून गेली. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ लेखी हवी. आम्ही अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला तर साहेब जेवायला गेलेत म्हणाले. शिक्क्याशिवाय उठू नका.

मग पोलीस. दुकान कर्नाटकात, खातं सीमेपलीकडच्या शाखेतलं. इकडच्या ठाण्यात म्हणाले, खातं महाराष्ट्रातलं, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, प्रकार कर्नाटकात घडला, तिकडेच नोंदवा. मराठीत लिहिलेली तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून परत आली, लिहिणाऱ्याला १५० रुपये दिले. ते घेऊन गेलो तर ज्यांना भेटायचं ते बंदोबस्ताला. चार फेऱ्या झाल्या. सीमेवर राहणाऱ्या माणसाची तक्रार दोन्ही राज्यांना परकी असते, हे आम्ही ऐकत आलो होतो, आता भोगलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. पाचव्या फेरीला कलमाचा छापील कागद समोर ठेवला, तेव्हा नोंद झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड (कॉम्प्युटर वापरून तोतयेगिरीने फसवणूक) लावा, हेही आम्हीच सांगितलं.

पैशापेक्षा मोठी धास्ती वेगळीच. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पासबुकं पडलेली होती, आणि चाळीस मिनिटं कॉम्प्युटर परक्याच्या हातात होता. आता रोज संध्याकाळी ते फोल्डर रिकामं होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्यांदा नेटची वायर उपटा, बाकी सगळं नंतर. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. ते ॲप काढा, टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप' आणि टास्क शेड्युलर तपासा. अनोळखी काही दिसलं तर विंडोज नव्याने टाकणं बरं.

एररच्या आकड्यांना घाबरू नका. शेवटी ८००७०००५ असेल तर परवानगी नाही: इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. ८००७००७० म्हणजे डिस्क भरली. ८००७२ईई७ म्हणजे नेट किंवा डीएनएस, साइटचा पत्ताच सापडत नाही. ८००७२एफ८एफ आला की आधी तारीख. कधी अपडेट ॲडमिननेच बंद केलेलं असतं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे बऱ्याचदा दिसतं. नेट अडखळत असेल तर ऑफलाइन इन्स्टॉलर घ्या, तो सगळा एकाच फाइलमध्ये येतो.

विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर क्रोमची १०९ हीच शेवटची आवृत्ती. पुढची कुणाच्याही बापाला टाकता येणार नाही. पैसे घेऊन टाकून देतो म्हणणारा खोटा.

खरं अपडेट फक्त उजवीकडच्या तीन टिंबांत: मदत, मग गूगल क्रोमबद्दल. ते पान उघडलं की तपासणी आपोआप होते. शेवटी 'रीलाँच'. एखाद्या साइटवरच "तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे क्लिक करा" आलं तर टॅब बंद करा. त्यातून बहुधा झिप उतरते आणि आत जेएस नावाने संपणारी फाइल असते, तीच विष. अलीकडे "विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर" असं सांगणारी पानंही येतात. ती तुमच्या हातानेच त्यांची आज्ञा चालवून घेतात. उतरवलेली फाइल उघडायच्या आधी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. क्रोमच्या फाइलवर 'गूगल एलएलसी' दिसलं पाहिजे. तो टॅबच नसेल तर फाइल उडवा.

बँकेला दिलेल्या पत्राला आज २६ दिवस झाले. उत्तर नाही, एक रुपयाही परत नाही. ३० दिवस भरले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज जाईल. कागद तयार करून ठेवलेत, वरच्या बाजूला शिक्का मारलेली प्रत आहे.