दशकाचे गठ्ठे की टप्प्यांची मोजणी: पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आधी काय निवडावे?

संख्यांमधले आकृतिबंध मुलांना उलगडून दाखवायचे असतील, तर शिक्षकांपुढे आणि पालकांपुढे साधारणपणे दोन पद्धती असतात. पहिली पद्धत दशक-एककाची. तिच्यात मूल काड्या मोजते, दहा काड्या झाल्या की रबर लावून गठ्ठा बांधते आणि गठ्ठे किती, सुट्या काड्या किती, हे पाहून संख्या लिहिते. दुसरी पद्धत टप्प्यांची. तिच्यात मूल दोन-दोन, पाच-पाच किंवा दहा-दहाच्या टप्प्याने पुढे मोजत जाते आणि ज्या संख्यांवर थांबते त्या तक्त्यात रंगवते. दोन्ही पद्धती शेवटी एकमेकींना येऊन मिळतात. तरीही रोज गणितासाठी थोडाच वेळ हाताशी असेल, तर सुरुवात कुठून करायची हे ठरवावे लागते. माझ्या मते मराठीतून संख्या शिकणाऱ्या मुलाची सुरुवात गठ्ठ्यांपासूनच व्हावी.

याचे कारण मराठी संख्यानामांच्या घडणीत आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना तिनाचा उच्चार आधी होतो आणि पन्नासाचा नंतर, लिहिताना मात्र आधी 5 आणि मग 3 येतो. त्रेपन्न ऐकून 35 लिहिणारे मूल निष्काळजी नसते, ते ऐकलेल्या क्रमानेच लिहीत असते. 29 ची अडचण आणखी वेगळी आहे, कारण ‘एकोणतीस’ या नावात तीस ऐकू येतात आणि प्रत्यक्षात दशक असतात दोनच. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत चालते आणि 99 ला मात्र आपण नव्व्याण्णव म्हणतो. म्हणजे केवळ नावे ऐकून मुलाला दशकांचा आकृतिबंध सापडणे कठीण आहे. समोर पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या असल्या, की तो डोळ्यांना दिसतो.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली आणि तिच्यावर राज्यभर वाद झाला. त्या वेळी डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि जोडाक्षरे असलेली संख्यानामे मुलांना जड जातात, हे या बदलामागचे एक कारण सांगितले गेले होते. मला ती रीत पूल म्हणून उपयोगी वाटते: गठ्ठ्यांवर हात ठेवून ‘पन्नास’, सुट्या काड्यांवर हात ठेवून ‘तीन’ आणि लगेच पुढे ‘त्रेपन्न’. व्यवहारात ऐकू येणारे नाव मुलाला यायलाच हवे. मात्र त्या नावामागे किती गठ्ठे आहेत, हे त्याने आधी पाहिलेले असावे.

गठ्ठ्यांची पद्धत बिघडते ती घाईने कागदावर आल्यामुळे. ‘द’ आणि ‘ए’ असे रकाने आखून अंक भरायला लावले, तर मूल रकाने बिनचूक भरते आणि तरीही त्याला काही कळलेले नसते. याची पडताळणी सोपी आहे. मुलापुढे 24 सुट्या काड्या ठेवाव्यात, त्याला संख्या लिहायला सांगावी आणि मग 2 या अंकावर बोट ठेवून ‘यातल्या एवढ्या काड्या मला दाखव’ असे म्हणावे. पुष्कळ मुले दोनच काड्या उचलतात. अशा मुलाला हातच्याची बेरीज शिकवली, की 28 आणि 15 यांचे उत्तर 313 येते, कारण त्याच्या दृष्टीने 8 आणि 5 मिळून 13 झाले, 2 आणि 1 मिळून 3 झाले आणि ते शेजारी-शेजारी लिहिले, की काम संपले. दहा रुपयांच्या नोटाही याच कारणाने नंतर आणाव्यात. नोटेत दहा रुपये आहेत हे मुलाला मानून घ्यावे लागते, गठ्ठा मात्र सोडून मोजता येतो.

टप्प्यांच्या मोजणीचे बळ वेगळे आहे. तिला साधन जवळजवळ लागत नाही, चाळीस मुलांच्या वर्गात ती एकाच वेळी घेता येते आणि पाढ्यांची पूर्वतयारी तिच्यातूनच होते. आकृतिबंधांच्या दृष्टीने तर ती फार समृद्ध आहे. पाचाच्या टप्प्यात एककस्थानी 5 आणि 0 आलटूनपालटून येतात, दोनाच्या टप्प्यात 2, 4, 6, 8, 0 ची साखळी फिरत राहते आणि तिनाच्या टप्प्यात 3 पासून 30 पर्यंत दहाही अंक एकेकदा एककस्थानी येऊन जातात. ओळीत दहा संख्या असलेल्या 1 ते 100 च्या तक्त्यावर नऊच्या टप्प्याच्या संख्या रंगवल्या, तर 9, 18, 27 अशी तिरकी रेघ डावीकडे उतरते. का उतरते, हे मुलाला विचारण्यासारखे आहे: दहा मिळवले की सरळ खालच्या घरात जातो, आणि नऊ म्हणजे दहाला एक कमी, म्हणून एक घर मागे. ज्याने गठ्ठे हाताळले आहेत, त्यालाच हे उत्तर सुचते.

टप्प्यांची उणीवही इथेच दिसते. ‘पाच, दहा, पंधरा, वीस’ तालावर म्हणणारे मूल बहुधा पाठांतर म्हणत असते. त्याला तिनापासून पाच-पाचने मोजायला सांगितले, की ते अडखळते. 3, 8, 13, 18, 23 या रांगेत 3 आणि 8 आलटूनपालटून येत आहेत हे ज्याला दिसते, त्याला टप्पा समजला असे म्हणता येईल. त्यामुळे मोजणी प्रत्येक वेळी शून्यापासूनच सुरू करू नये.

खर्चाचा विचार गौण आहे. बोर्डी-कोसबाड परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणासाठी भोवतालच्या साध्या वस्तू वापरल्या, आणि आजही खराट्याच्या काड्या किंवा डबीत भरलेले दहा-दहा चिंचोके पुरेसे आहेत. फरक वेळेचा आहे, कारण गठ्ठे बांधायला, सोडायला आणि आवरायला वेळ लागतो. मोठ्या वर्गात गट केल्याशिवाय हे जमत नाही.

निवड करताना मुलाकडे पाहावे. वीसपर्यंतच्या वस्तू एकास एक मोजताना जे चुकते, त्याला या दोन्हींची घाई नको. जे शंभरपर्यंत म्हणते पण 53 आणि 35 मध्ये गोंधळते, त्याला काही आठवडे गठ्ठेच द्यावेत. जे गठ्ठे नीट ओळखते पण 30 मध्ये 20 मिळवताना बोटांवर एकेक मोजते, त्याला टप्प्यांकडे न्यावे, आधी दहाच्या, मग पाचाच्या आणि दोनाच्या. तीन, चार यांचे टप्पे त्यानंतर यावेत. सेमी-इंग्रजी वर्गातल्या मुलाला एकाच संख्येची दोन नावे सांभाळायची असतात, म्हणून त्याच्यासाठी गठ्ठ्यांचा काळ थोडा अधिक ठेवावा.

दोन्ही पद्धती जोडण्यासाठी 47 पासून दहाच्या टप्प्याने मोजायला सांगावे आणि प्रत्येक टप्प्याला एक गठ्ठा समोर ठेवायला लावावा. 57, 67, 77 येताना सुट्या सात काड्या जागच्या हलत नाहीत, हे मूल स्वतःच सांगते. 97 नंतर बरीच मुले थांबतात. तिथे उत्तर सांगू नये, पुढचा गठ्ठा ठेवू द्यावा, दहा गठ्ठे एकत्र बांधायला द्यावेत आणि मगच 107 लिहायला सांगावे. मधले शून्य कशासाठी आले, हा प्रश्न त्याच वेळी विचारता येतो.