वाहतूक पोलिसांची सेवा: पावती झटपट, रस्ता ओलांडायचं तुमचं तुम्ही बघा (५ पैकी २ स्टार)

एकाच दिवशी एकाच रस्त्यावर सकाळी गाडीवाला म्हणून आणि संध्याकाळी पायी, अशी दोन्हीकडून ही सेवा घेतलीये, त्यामुळे रिव्ह्यू जरा लांबणार, सॉरी.

आधी सकाळचं. उतारावर वेगमर्यादा ५० ची ३० होते, तो बोर्ड फांदीआड निम्मा लपलेला, आणि उतार संपतो तिथे बसस्टॉपच्या आडोशाला दोघंजण स्पीडगन घेऊन दबा धरून बसलेले. माझा वेग निघाला ४४. चूक माझीच, वाद नाही. आणि खरं सांगतो, सर्व्हिस एकदम फास्ट. कागदपत्रं बघितली, मशीनमध्ये नंबर टाकला, फोटो दाखवला, माझ्या मोबाईलवर मेसेज टुणकन आला पण. आवाज चढवला नाही की घासाघीस नाही. माझ्या मागे अजून चार गाड्या ओळीत उभ्या, पावत्या फाडायचं काम नुसतं धडाक्यात चालू. ह्याला पैकीच्या पैकी.

संध्याकाळी तिथूनच चालत आलो. त्या बसस्टॉपपासून शंभरेक पावलांवर झेब्रा क्रॉसिंग आहे, म्हणजे होतं, आता पट्टे माहीत असलेल्यालाच दिसतात. सिग्नल लाल झाला की गाड्या स्टॉप लाइन ओलांडून थेट पट्ट्यांवर, मग आपण दोन बंपरच्या फटीतून अंग चोरत जायचं. बरं, आपल्याला हिरवा माणूस लागतो तेव्हाच वळणाऱ्या गाड्यांनाही हिरवा, म्हणजे दोघांनाही वाटतं आपलाच नंबर. माझ्यापुढे एक आजी होत्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने गाड्यांना थांबा थांबा करत निघाल्या, अर्ध्यात पोचल्या आणि हिरवा माणूस लुकलुकायला लागला. त्या दुभाजकावरच खिळल्या, दुभाजक तरी केवढा, चप्पल आडवी ठेवली तर मावेल एवढा. मागून एक गाडी इतकी जवळून गेली की त्यांची पिशवी हलली. पुढचा हिरवा लागल्यावर हात धरून पलीकडे नेलं त्यांना.

आणि ती स्पीडगनवाली जोडी तिथेच, हे सगळं दिसेल अशा अंतरावर.

राहवलं नाही, गेलो आणि विचारलं, साहेब शंभर पावलं पुढे उभे राहा ना, तिथे जास्त गरज आहे. त्यातला एक भला निघाला, म्हणाला, "तिथे गाडी बाजूला घ्यायला जागा नाही हो. आणि इथे तासाभरात आकडा होतो."

आकडा होतो! म्हणजे उभं कुठे राहायचं हे आजींना कुठे धोका आहे त्यावर ठरत नाही, पार्किंगवर आणि टार्गेटवर ठरतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष, त्याला वरून जे विचारतात तेच तो देणार.

वेग पकडणं चूक आहे असं मी म्हणतच नाहीये. ब्रिटनच्या हायवे कोडमधला, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकातला तक्ता बघा, ताशी ३२ किमीला गाडी थांबायला १२ मीटर लागतात आणि ४८ किमीला २३ मीटर, म्हणजे वेग दीडपट तर अंतर जवळपास दुप्पट. म्हणून तर तीच गन झेब्र्याच्या अलीकडे हवी, उताराच्या तळाशी नको.

पैशाच्या नादाला लागलं की हे कुठपर्यंत जातं त्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेत मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन. २०१५ मध्ये तिथल्या केंद्राच्या न्याय खात्यानेच रिपोर्ट दिला की शहराचं लक्ष लोकांच्या सुरक्षिततेपेक्षा दंडाच्या कमाईवर आहे. तिथे तर रस्त्यावरून 'चालण्याच्या पद्धती'बद्दल पायी माणसांवरच केसेस टाकायचे आणि त्यातही जवळपास सगळ्या कृष्णवर्णीयांवर. म्हणजे ज्याला वाचवायचं तोच गिऱ्हाईक.

उलट नॉर्वेची राजधानी ऑस्लोत २०१९ साली अख्ख्या वर्षात एकही पादचारी किंवा सायकलवाला अपघातात गेला नाही. वेग उतरवले, रस्त्यावरची पार्किंग काढली, असले कंटाळवाणे उद्योग केले त्यांनी. आमच्या चौकात तर एवढंही नको, हिरवा माणूस गाड्यांच्या हिरव्याच्या ३ ते ७ सेकंद आधी लावा, आजी रस्त्यात उतरलेल्या दिसायला लागतील तोवर वळणारा हललेलाच नसेल. बऱ्याच शहरांत करतात हे, सिग्नलचं टायमिंग बदलायचं फक्त. पण त्याची पावती फाटत नाही ना.

दोन स्टार दिलेत, एक मशीनला आणि एक त्या खरं बोलणाऱ्याला.

अपडेट: दंड ऑनलाइन भरला, दोन मिनिटांत पावती हातात. झेब्र्याच्या पट्ट्यांची तक्रार त्याच दिवशी टाकली होती, महिना होऊन गेला, स्टेटस 'प्रक्रियेत'.