स्वतःचं गाणं घरीच मिक्स करायचं, की स्टुडिओत द्यायचं?

चार-पाच गाणी लिहून, चाली लावून तयार आहेत, घरात बरा लॅपटॉप आहे आणि प्रश्न पडलाय की प्रॉडक्शन-मिक्सिंग (गाणं बांधणं आणि रेकॉर्ड झालेले आवाज, वाद्यं तोलून एकत्र बसवणं) स्वतः शिकावं की पैसे मोजून मोकळं व्हावं. सोलापुरात बसून हा विचार करणाऱ्यासमोर तीन वाटा असतात. सगळं घरी करा. सगळं स्टुडिओत करा, मग तो गावातला असो की सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून गाठलेला पुण्यातला. किंवा गाणं घरी बांधा, घरीच रेकॉर्ड करा आणि फक्त मिक्सिंग बाहेर द्या. माझं मत तिसऱ्या वाटेला आहे, निदान पहिल्या दोन-तीन गाण्यांपुरतं तरी.

‘घरी केलेलं गाणं’ म्हटलं की लोक तीन वेगळी कामं एकाच पिशवीत घालतात: अरेंजमेंट (कुठलं वाद्य कुठं वाजेल ते ठरवणं), रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग. अमेरिकन गायिका बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांनी लॉस एंजेलिसच्या घरातल्या बेडरूममध्ये अख्खा अल्बम केला, हे उदाहरण सगळे देतात. तो २०१९ चा अल्बम मिक्स मात्र रॉब किनेल्स्की या व्यावसायिक इंजिनियरनं केला आणि मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) आणखी तिसऱ्याच माणसानं. हा अर्धा भाग कुणी सांगत नाही.

स्टुडिओचा फायदा उघड आहे. शांत बूथ, चांगला माइक आणि शेकडो आवाज ऐकलेला रेकॉर्डिस्ट. भक्तिगीत, भीमगीत, जयंतीचं किंवा मिरवणुकीचं गाणं करायचं असेल तर डोळे झाकून तिकडे जा. ढोलकी कुठं उचलायची, कोरस कुठं घ्यायचा हे त्यांच्या हातात बसलेलं असतं. तेच घरी शिकायला महिने घालवण्यात अर्थ नाही. अडचण येते ती गाणं नेहमीच्या साच्यातलं नसेल तर. नुसती गिटार, एक हलगी आणि जवळ बसून बोलल्यासारखा आवाज, असं काही डोक्यात असेल तर ते समजावण्यातच बुकिंगचे तास जातात. शिवाय घड्याळ चालू असतं. तिसऱ्या टेकनंतर ‘चालतंय की’ म्हणून पुढं सरकायचा मोह होतो, आणि तो टेक मग जन्मभर ऐकावा लागतो. घरी विसाव्या टेकलाही कुणी बिल लावत नाही.

पण घर म्हणजे सोलापूरचं घर. पूर्व भागात राहत असाल तर मागांची खटखट दिवसभर. पाणी यायचा दिवस असला की गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू. मे महिन्यात पंखा बंद करून गाणं म्हणजे शिक्षाच, आणि पंखा चालू ठेवला तर प्रत्येक ओळीखाली त्याची घरघर येते. म्हणून पहिला माइक कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा) घेऊ नका. दुकानदार तोच पुढे करेल, आवाज ‘क्लिअर’ येतो म्हणून. येतो खरा, पण त्यात शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्याही तितक्याच क्लिअर येतात. शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक (कमी संवेदनशील) माइक तोंडापासून चार बोटांवर ठेवून गायलात तर तुमच्या आवाजापुढं खोली मागे पडते. सोबत एक साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी. रेकॉर्डिंग २४ बिटला करा (सॉफ्टवेअरमध्ये ही सेटिंग असते) आणि सर्वांत मोठ्या सुराला मीटर उणे १० ते १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका; शून्याला आवाज फाटतो. २४ बिटमध्ये लेव्हल थोडी कमी राहिली तरी काही बिघडत नाही. एकदा फाटलेला आवाज मात्र नीट शिवता येत नाही.

खोलीच्या इलाजाला आपल्याकडे चादरींचा तोटा नाही. फक्त त्या माइकच्या मागे न लावता गाणाऱ्याच्या पाठीमागे लावा, कारण माइकचं तोंड तिकडे असतं. दुहेरी घडी घालून, भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगा. टाळी वाजवल्यावर येणारा झणझणाट बराच कमी होतो. खर्जाला मात्र चादर काहीच करत नाही, आणि मिक्सिंग घरी शिकताना खरी गोची होते ती तिथंच.

दहा बाय दहाची खोली घ्या. ध्वनीचा वेग आणि भिंतींमधलं अंतर यांचं गणित केलं तर सुमारे ५६ हर्ट्झचा सूर तिथं घुमतो (आपल्या उन्हाळ्यात ५८ म्हणा, गरम हवेत ध्वनी जोरात पळतो). लांबी-रुंदी सारखीच असल्यानं दोन्ही दिशांचे घुमे एकावर एक चढतात. खोलीत एका जागी बास छाती दणाणवतो, दोन पावलं सरकलात की गायब. अशा खोलीत महागडे स्टुडिओ मॉनिटर (मिक्सिंगचे स्पीकर) लावून केलेला मिक्स त्या खोलीपुरताच बरोबर असतो. त्यामुळे स्पीकर की हेडफोन, या प्रश्नाचं माझं उत्तर हेडफोन. एटीएच-एम४०एक्स सारखा बंद कपांचा एक घ्या. गातानाही तोच चालतो. हेडफोनवर डावं-उजवं जरा जास्तच रुंद भासतं, हे ध्यानात ठेवायचं आणि मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर आणि गाडीत वाजवून बघायचा. मोबाइलवर बासची चाल ऐकूच येत नसेल तर फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर ढकलू नका. त्या ट्रॅकला थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी फाटल्यासारखी धार) द्या, म्हणजे वरचे स्वर तयार होऊन कान चाल ओळखतो.

रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरवर फार डोकं चालवू नका. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, जुन्या लॅपटॉपवरही पळतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. बीट रचण्यापासून सुरुवात करणाऱ्याला एफएल स्टुडिओ सोपा वाटेल, पण त्याच्या फुकट आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडता येत नाही. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच.

वेळ लागतो तो कान तयार व्हायला. हलगी आणि आवाज एकत्र आले की शब्द बुडतात, तेव्हा नवखा माणूस आवाज वाढवतो, मग हलगी बारीक वाटते म्हणून तीही वाढवतो, आणि शेवटी सगळंच लाल दिव्यात. हलगीचा कडक ठोका आणि शब्दांतली व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना धक्के देतात. तिथं हलगीचे दोन-तीन डेसिबल कमी केले की आवाजाला हातही न लावता शब्द पुढे येतात. हलगीवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावलात तर त्याचा अटॅक, म्हणजे दाबायला घेतलेला वेळ, २०-३० मिलिसेकंद ठेवा. त्याहून झटपट ठेवलात की टिपरूचा कडकपणाच मरतो. हे इंटरनेटवरच्या व्हिडिओंमधून सापडायला उशीर लागतो, कारण त्यातले बहुतेक रॅप किंवा इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी असतात.

आजोबांच्या अभंगांची एकच आठवण जपायची असेल तर स्टुडिओ. वर्षाला दहा-बारा गाणी काढायची जिद्द असेल आणि रोज तासभर हाताशी असेल तर सगळं घरी, पण पहिलं वर्ष निकालाची घाई नको. या दोन्हींत न बसणाऱ्यांसाठी, म्हणजे बहुतेकांसाठी, तिसरी, मधली वाट.

ती निवडलीत तर फाइली नीट द्या. प्रत्येक ट्रॅक २४ बिट वेव्ह (.wav) फाइलमध्ये, सगळे शून्य सेकंदापासून सुरू, नावासकट. ‘ऑडिओ ०७’ बघून समोरच्याला काय कळणार? मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या चॅनेलवर) लिमिटर, म्हणजे आवाज एका पातळीवर अडवणारं साधन, नको. टेम्पो लिहून द्या. तुमचा घरचा कच्चा मिक्सही जोडा, म्हणजे हलगी तुम्हाला किती मागे हवी ते समजावत बसावं लागणार नाही. आणि शक्य असेल तर काम चालू असताना शेजारी बसू द्याल का, हे मिक्स करणाऱ्याला पैसे ठरवायच्या आधीच विचारा.